रिकाम्या काट्यावर नऊ पॉइंट आठ

शून्यसाहेबांची बायको लिफ्टमुळे बहिणीकडे राहायला गेली, असं इमारतीत सगळे समजतात. शून्यसाहेबही विचारणाऱ्याला तसंच सांगतात. खरं कारण एक वाक्य होतं आणि ते त्यांनी स्वतः उच्चारलं होतं. पण वाक्याविरुद्ध लेखी तक्रार करायची सोय कुठेच नसते. लिफ्टविरुद्ध असते.

बायकोचं म्हणणं असं, की पाचव्या मजल्यावरून खाली जाताना तिसऱ्या मजल्यापाशी लिफ्ट एक धक्का देते आणि तो सरळ तिच्या उजव्या गुडघ्यात जातो. साहेब एकटे जात तेव्हा त्यांना हा धक्का कधी लागला नव्हता. दोघं बरोबर जात तेव्हाही नाही. धक्का यायचा तो फक्त ती एकटी असताना. आणि साहेब निवृत्त झाल्यापासून, का कोण जाणे, ती बहुतेक वेळा एकटीच असायची. ज्या माणसानं एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून दुकानदारांच्या सबबी ऐकल्या, त्याला निष्कर्ष काढायला कितीसा वेळ लागणार? एका मंगळवारी चहा पिता पिता त्यांनी निकाल देऊन टाकला. "धक्का लिफ्टमध्ये नाही. तुझ्या मनात आहे."

बायकोनं कप विसळून पालथा घातला, बॅग भरली आणि म्हणाली, "सापडला की कळवा." मग ती जिन्यानं उतरली, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मागून बॅग घेऊन साहेब. बस आली, गेली, आणि साहेब रिकाम्या हातानं लिफ्टनं वर आले. लिफ्ट अगदी लोण्यासारखी चालली, याचा त्यांना जरासा रागच आला.

शून्यसाहेब हे नाव बाजारानं ठेवलेलं. दुकानात पाऊल टाकलं की नमस्कार-चमत्कार नाही, थेट "आधी शून्य दाखवा." रिकाम्या तराजूचा काटा शून्यावर नसेल तर पुढचं काही बघायचंच नाही, तराजू जप्त. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी साहेब अजून साखरेच्या डब्यात चमचा घालण्याआधी तो रिकामा आहे ना, हे उजेडात धरून पाहतात.

बायको शुक्रवारपर्यंत येईल, असा त्यांचा अंदाज होता. शुक्रवार गेला. शनिवारी त्यांनी उशांचे अभ्रे धुवायला काढले. स्वतःच्या उशीचा काढला, तिच्या उशीचा अर्धा काढला आणि पुन्हा चढवून ठेवला. एवढा काही मळला नव्हता.

रोज संध्याकाळी सात वाजता ते बहिणीच्या घरी फोन करत. फोन साडूभाऊ उचलत.

"ताईंना इथे फार मानवलंय हो," साडूभाऊ सांगत. "तळमजला ना आमचा. एक पायरी नाही घरात."

साडूभाऊंच्या घराला पायरी नाही, हे साहेबांना अठ्ठावीस वर्षं ठाऊक होतं. त्या गोष्टीचं एवढं दुःख मात्र पूर्वी कधी झालं नव्हतं.

मग बायको यायची. "सापडला?"

"तपास चालू आहे."

"जेवलात?"

"हो."

एवढ्यावर फोन संपायचा. 'घरी ये' म्हणायला काही परवाना लागत नव्हता. पण ज्या अधिकाऱ्यानं धक्का नाही असा निकाल स्वतःच्या तोंडानं दिला, त्यानं नवा पुरावा नसताना फाइल उघडायची तरी कशी? तेव्हा धक्का शोधायचा, असं साहेबांनी ठरवलं. तो आहे की नाही हा प्रश्न आता दुय्यम होता. तो असायलाच हवा होता.

सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहतात, त्यामुळे लिफ्टच्या बाबतीत ते अत्यंत निःपक्षपाती आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"धक्का लागतो कुणाला?"

"बायकोला."

"त्या कुठे आहेत?"

"बहिणीकडे."

"मग सध्या तो कुणाला लागतोय?"

साहेबांनी बोट वर, तिसऱ्या मजल्याकडे दाखवलं. सेक्रेटरी म्हणाले, "लेखी द्या. आणि आकडे घालून द्या. मागे चौथ्या मजल्यानं 'लिफ्ट फार जोरात थांबते' असं लिहिलं होतं, तर कंपनीनं उलट विचारलं, फार म्हणजे किती?"

आकडा कुठून आणायचा, हे दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी सांगितलं. दंतवैद्यांना सल्ला द्यायची आवड आहे, आणि समोरच्याला बोलता येत नाही अशा परिस्थितीत तो द्यायची सवय. "तुमच्या खिशातच आहे की यंत्र," ते म्हणाले. "फोन आडवा केला की चित्र आडवं होतं ना? ते कसं होतं? आत ॲक्सेलरोमीटर असतो. गती कुठल्या बाजूला, किती बदलली, ते मोजतो. द्या इकडे." आणि एका रोग्याचं तोंड उघडं ठेवून त्यांनी साहेबांच्या फोनमध्ये त्याचे आकडे दाखवणारं ॲप घालून दिलं.

साहेबांनी घरी येऊन फोन जेवणाच्या टेबलावर उताणा ठेवला, चष्मा पुसला आणि सवयीप्रमाणे आधी शून्य पाहिलं. तीन दिशांचे तीन आकडे होते. दोन शून्य. तिसरा, काचेतून सरळ वर छताकडे जाणारा, नऊ पॉइंट आठ.

साहेबांनी टेबलाला हात लावून पाहिला. टेबल हलत नव्हतं. फोन हलत नव्हता. घरात दुसरं हलणारं कुणी उरलं नव्हतं. आणि काटा सांगत होता, नऊ पॉइंट आठ. एवढी चूक असलेला तराजू त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता, आणि तो दुकानदार मागच्या दारानं पळाला होता.

सुदैवानं ॲपच्या कोपऱ्यात एक बटण होतं. 'शून्य करा.' साहेबांनी ते दाबलं. तिन्ही आकडे निमूटपणे शून्यावर आले. कित्येक दिवसांत कुणीतरी साहेबांचं पहिल्यांदा ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तपास सुरू झाला. वही धरायला हात मोकळे हवेत, म्हणून फोन सदऱ्याच्या खिशात, काच बाहेर. लिफ्ट पाचव्या मजल्यावर दार उघडून उभी होती. साहेब आत जाऊन दाराकडे तोंड करून उभे राहिले. मान खाली घालून त्यांनी खिशात पाहिलं. थांबलेली लिफ्ट वरच्या दिशेला साडेनऊनं आणि त्याच वेळी मागच्या दिशेला सात पॉइंट तीननं जात होती.

खात्री करायला ते उलटे वळून उभे राहिले. लिफ्टनंही दिशा बदलली. आता ती दाराकडे, म्हणजे पाचव्याच मजल्यावर कपडे शिवणाऱ्या बाई जिथे कापडाचे तागे घेऊन उभ्या होत्या तिकडे, धावत होती.

"येऊ का आत?" बाईंनी विचारलं.

"आपल्या जबाबदारीवर," साहेब म्हणाले.

चार आठवडे, एकशे बारा फेऱ्या. वहीत रकाने आखलेले होते. दिनांक, वेळ, मजला, प्रवासी, वर, मागे, शेरा. लोक सुरुवातीला साहेबांना बघून हसत. नंतर लिफ्टमध्ये ते दिसले की "मी चालतच जातो, बरं असतं" म्हणू लागले. दंतवैद्यांच्या रोग्यांपैकी एकजण तर दात न दाखवताच परत गेला, कारण साहेबांनी त्याचं वजन विचारलं.

तिसऱ्या मजल्यावरचा धक्का काही मिळाला नाही. पण वेगळंच एक भयंकर वास्तव पुढे येत होतं. 'मागे'चा आकडा दर दिवसाआड चढत होता. सात पॉइंट तीन, सात पॉइंट पाच, सात पॉइंट आठ. साहेब रोज सातच्या फोनवर तो बायकोला वाचून दाखवत. आता बोलायला विषय तरी होता.

"आज किती?"

"आठ."

"वाढलं?"

"वाढलं."

"मग त्या लिफ्टनं जाऊ नका ना तुम्ही."

हे वाक्य साहेबांनी फोन ठेवल्यावर बराच वेळ जपून ठेवलं. वहीत त्याला रकाना नव्हता.

आकडा आठ पॉइंट चारवर गेला तेव्हा त्यांनी अहवाल लिहिला. सात पानं, दोन तक्ते. शेवटचं वाक्य असं होतं: 'सदर लिफ्ट उभ्या जागी मागील भिंतीकडे जात असून, तिचा तसा कल दिवसेंदिवस बळावत आहे, सबब रहिवाशांच्या जिवास धोका संभवतो.' एक प्रत सेक्रेटरींना, एक कंपनीला, एक सरकारी लिफ्ट खात्याला.

सरकारी खातं साहेबांच्याच तालमीत तयार झालेलं असावं, इतक्या तत्परतेनं आलं. 'जिवास धोका' हे शब्द वाचल्यावर कुठलाही अधिकारी चौकशी करत बसत नाही. तो आधी बंद करतो. तळमजल्यावर दारावर कागदी पट्टी, तिच्यावर लाखेचं सील. एकतीस वर्षं साहेबांनी लोकांच्या तराजूंना लावली तशी. सील लावणारा आदरानं म्हणाला, "साहेब, तुमच्यासारखा बारकाईचा अहवाल हल्ली कोण लिहितो?" साहेबांना त्या कौतुकाचा आनंद घेता आला नाही. मागे अख्खी इमारत जिन्यानं चढत होती.

"लिफ्ट मागे जात होती तेव्हा बरी होती," शिवणाऱ्या बाई कठड्याला धरून म्हणाल्या. "आता ती कुठेच जात नाही."

आणि साहेबांच्या लक्षात आलं, की बायको उद्या यायची म्हणाली तरी आता तिला वर आणणार कसं?

कंपनीचा मेकॅनिक आठवड्यानं आला. हाताला ग्रीस, कानाला पेन्सिल. अहवालाची सातही पानं त्यानं जिन्यात बसून वाचली. मग विचारलं, "फोन कुठे ठेवला होता?"

साहेबांनी खिसा दाखवला.

"आणि शून्य केलंत ते?"

"टेबलावर. काटा रिकामा असून नऊ पॉइंट आठ दाखवत होता. खराब आहे."

"खराब नाहीये, साहेब. बरोबर आहे तो." मेकॅनिकनं फोन तळहातावर उताणा धरला. "हे यंत्र खालून मिळणारा आधार मोजतं. माझा हात याला वर धरून आहे. तेवढा नऊ पॉइंट आठ. टेबलावर असेल तर टेबल धरतं. आपण सगळे उभ्या उभ्या एवढ्यावरच असतो. कळत नाही, कारण ते कायमचंच असतं."

"मग शून्य कधी?"

"पडताना. हात काढून घेतला की."

साहेबांचा विश्वास बसेना. तेव्हा त्यानं ॲपमधलं 'शून्य करा' काढून टाकलं आणि विचारलं, गादी आहे का घरात? पाचव्या मजल्यावर जाऊन त्यांनी पलंगावर फोन सोडून पाहिला. खिडकीकडच्या बाजूला, जिथली चादर सहा आठवडे विस्कटली नव्हती. ॲपच्या आलेखात अर्धा सेकंद रेघ खाली जाऊन सपाट झाली होती. शून्य. मग गादी लागली आणि रेघ उसळून पुन्हा नऊ पॉइंट आठवर येऊन बसली.

साहेबांनी फोन उचलला आणि पुन्हा सोडला. आणखी एकदा. सहाव्या वेळी मेकॅनिक हळूच म्हणाला, "कळलं ना, साहेब?"

"म्हणजे मी जन्मभर ज्याला बरोबर म्हणत आलो..."

"तराजूचं वेगळं. तिथे तुमचंच खरं. पण यातलं शून्य म्हणजे धरणारं कुणी नाही. तुम्ही टेबलाचा आधार चूक समजून वजा केलात, मग फोन खिशात उभा केलात. उभ्या फोनला त्या बाजूनं आधार नसतोच. जे नव्हतंच त्यातून नऊ पॉइंट आठ वजा झाले. तेच तुमचं मागे जाणं."

"मग ते वाढत का होतं? सात पॉइंट तीनाचं आठ पॉइंट चार?"

मेकॅनिकनं वहीकडे पाहिलं, मग साहेबांच्या सदऱ्याकडे. तो सदरा अंगावर दुसऱ्याचा असल्यासारखा लोंबत होता. "पोटामुळे फोन आधी तिरका बसत असणार. आता सरळ बसतोय." त्यानं नजर वळवली. "लिफ्टचं यातून काही निघत नाही. पण तुमच्या पोटाचा हिशोब रोजच्या रोज चोख आहे."

साहेब पलंगाच्या कडेला टेकले. सहा आठवड्यांत त्यांनी टोस्ट आणि उकडलेली अंडी खाल्ली होती. तीही उभ्या उभ्या, कारण एकट्यासाठी ताट घ्यायचं म्हणजे फार पसारा वाटायचा.

"आता सेक्रेटरी सांगत होते तो काकूंचा खरा धक्का शोधू," मेकॅनिक म्हणाला. "काकू लिफ्टमध्ये उभ्या कुठे राहतात?"

बाजारातल्या कुठल्या दुकानदाराचा अंगठा पारड्याच्या कुठल्या बाजूला असायचा, हे ते आजही झोपेतून उठून सांगतील. चौदा वर्षं या इमारतीत. त्यांना आठवेना.

त्यांनी भर दुपारी बाराला फोन लावला. साडूभाऊ घाबरले. "बरं आहे ना सगळं?" बायको आली.

"तू लिफ्टमध्ये कुठे उभी राहतेस?"

"हे आज विचारताय?"

"हो. आज."

"डाव्या कोपऱ्यात. मागे. तिथल्या दांडीला धरता येतं, गुडघ्याला बरं पडतं."

मेकॅनिकनं अधिकाऱ्यांना विचारून चाचणीपुरती लिफ्ट चालू केली. फोन तळाला उताणा, बटण न दाबता. आत साहेब एकटेच, डाव्या कोपऱ्यात दांडी धरून; मेकॅनिक तळमजल्यावर. लिफ्ट निघाली तसा आकडा नऊ पॉइंट एकवर उतरला, पुन्हा नऊ पॉइंट आठ झाला, आणि तिसऱ्या मजल्यापाशी खालून कुणीतरी लाथ मारावी तसं झालं. तेरा पॉइंट एक. तो धक्का सरळ साहेबांच्या गुडघ्यात गेला.

"लिफ्ट ज्या रुळांवरून सरकते, त्यातल्या डाव्या रुळाचा सांधा बाहेर आलाय," नोंद पाहून मेकॅनिक म्हणाला. "माणूस मध्ये असेल तर काही नाही. एकटं माणूस डाव्या कोपऱ्यात असेल तर गाडी झुकते आणि तिथे अडखळते. तुम्ही बरोबर असता तेव्हा कुठे उभे राहता?"

"उजवीकडे," साहेब म्हणाले. "बटणांपाशी."

"मग बरोबर. दोघं असलात की तोल सावरतो. धक्का लागतच नाही."

साहेबांनी पुन्हा वर न्यायला सांगितलं आणि तीच फेरी आणखी तीनदा केली. चाचणीसाठी एक पुरली असती. जाताना त्यानं सांगितलं, "सांधा आजच घासतो. उद्या दुपारी अधिकारी येऊन सील काढतील. दुपारनंतर खुशाल वापरा."

सात वाजता साहेबांनी फोन केला. "धक्का सापडला. तेरा पॉइंट एक. होता तो. तू म्हणत होतीस तिथेच."

"बरं," बायको म्हणाली. तिच्या आवाजात विजय वगैरे काही नव्हता, म्हणून साहेबांना जास्त लागलं. "आणि ते मागे जाणं?"

आकडा लपवणं साहेबांच्या स्वभावात नाही. त्यांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे तो आकडा पोटाचा होता."

"हो."

"मी रोज विचारायचे, जेवलात का. तुम्ही हो म्हणायचात. आणि मग स्वतःच आकडा वाचून दाखवायचात."

"मला ठाऊक नव्हतं, तो कशाचा आहे ते."

मग बायको म्हणाली, "मी उद्या सकाळच्या बसनं येते. जिना तर जिना."

इथे साहेबांनी म्हणायला हवं होतं, की उद्या संध्याकाळी ये, तोपर्यंत लिफ्ट सुरू होते आहे. कर्तव्य अगदी स्पष्ट होतं. साहेब म्हणाले, "बरं."

सकाळी ते घडीची खुर्ची घेऊन खाली गेले. बायको एक मजला चढायची, साहेब खुर्ची उघडायचे, ती बसायची. दारं उघडत होती. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, घाई करू नका." दंतवैद्य गुडघा वाकवायचा कसा हे दाखवायला बाहेर आले आणि स्वतःची कंबर धरून आत गेले. साहेबांचा खांदा तिच्या हाताखाली होता. ती आपला भार त्यावर टाकायची तेव्हा ते थोडे वाकत, आणि ती उचलायची तेव्हा त्यांना चुकल्यासारखं व्हायचं.

"सदरा बघा कसा झालाय," दुसऱ्या मजल्यावर ती म्हणाली.

तिसऱ्या मजल्यावर ती खुर्चीत टेकते न टेकते, तोच शेजारी घंटी वाजली आणि लिफ्टचं दार उघडलं. आत मेकॅनिक होता, हातात सील काढलेली कागदी पट्टी.

"काकू, या. अधिकारी सकाळीच येऊन गेले. दुपारी होणार होती, लवकर झाली. काल साहेबांना सांगितलंच होतं मी."

बायकोनं लिफ्टकडे पाहिलं. मग साहेबांकडे. साहेब भिंतीवरच्या मजल्याच्या आकड्याकडे बघत होते.

"तुम्हाला ठाऊक होतं? दुपारी सुरू होणार म्हणून?"

"होतं."

"संध्याकाळी आले असते तर इथवर चढावं लागलं नसतं."

"नसतं."

"मग सांगितलं का नाही?"

दोन ग्रॅमसाठी तराजू जप्त करणारे शून्यसाहेब काही तरी कारण शोधू लागले. दुकानदार शोधायचे तसं. सापडलं नाही.

"संध्याकाळ लांब होती," ते म्हणाले.

बायको थोडा वेळ गुडघा चोळत बसली. मग मेकॅनिकला म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. दोनच मजले राहिलेत. आम्ही येतो."

दार मिटलं. लिफ्ट जराही धक्का न देता वर गेली. बायकोनं हात पुढे केला, साहेबांनी खांदा खाली आणला, आणि ती उठल्यावर त्यांनी दुसऱ्या हातानं खुर्ची मिटली.